तारेखालचं नाव

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं जुनं गाव आहे. एके काळी ती राजधानी होती. १७८० साली राजधानी हलली, आणि पुढं गावाला उतरती कळा लागली.

तिथल्या चर्चचे धर्मगुरू गुडविन यांना जुन्या घरांची हळहळ वाटे. त्यांनी रॉकफेलर या धनिकाला गळ घातली. रॉकफेलरांच्या वडिलांनी घासलेटच्या धंद्यात अमाप पैसा कमावला होता. ते घासलेट आपल्याकडेही विकलं जाई.

डिसेंबर १९२६. एक जुनं विटांचं घर विकाऊ होतं. किंमत आठ हजार डॉलर. गुडविननी पत्र धाडलं. उलट तार आली. तीत घराचं नावच नाही! 'जुनी वस्तू' घ्या, 'आठ'ला घ्या, एवढंच. खाली सही : 'डेव्हिडचे वडील'. डेव्हिड हा रॉकफेलरांचा धाकटा मुलगा.

एवढी लपवाछपवी कशाला? तार पडली उघडी. तारबाबूनं वाचली की गावभर होणार. आणि घेणारा श्रीमंत आहे असं कळलं की भाव चढतो, हे बाजार करणाऱ्याला सांगायला नको. विकणाऱ्यांचं यात थोडं नुकसानच झालं म्हणा.

गुडविन एकेक घर घेत गेले. जून १९२८ मध्ये जाहीर सभेत त्यांनी खरं नाव सांगितलं. काही घरमालकांना मात्र हयातभर आपल्याच घरात राहायची मुभा मिळाली होती.