रिकाम्या पोटाची अट

तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग पाहण्याच्या तपासणीला एंडोस्कोपी म्हणतात, आणि तिच्यापूर्वी घन आहार किमान 6 ते 8 तास वर्ज्य असतो तो केवळ जठराचे अस्तर स्वच्छ दिसावे एवढ्यासाठी नव्हे. गुंगीच्या औषधाने ठसका लागण्याची संरक्षक क्रिया मंदावते. अशा वेळी जठरातील अन्न आम्लासह वर येऊन श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसांना गंभीर इजा होते, हे कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या नोंदींवरून 1946 मध्येच दाखवून दिले होते. दीर्घकाळच्या मधुमेहात जठराच्या मज्जातंतूंना इजा होऊन अन्न पुढे सरकणे मंदावते आणि रात्रभर उपाशी राहूनही पोट भरलेले राहू शकते. मधुमेहावर व वजन घटवण्यासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइडही जठर उशिरा रिकामे करते, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यावश्यक ठरते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये या औषधाचे साप्ताहिक इंजेक्शन तपासणीपूर्वी आठवडाभर थांबवण्याचे सुचवले होते, तर 2024 मध्ये अनेक संघटनांनी एकत्रितपणे बहुतेक रुग्णांनी ते चालू ठेवावे आणि अधिक जोखमीच्या रुग्णांनी आदल्या दिवशी केवळ द्रव आहार घ्यावा, अशी अधिक समंजस भूमिका घेतली. पाणी 2 तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोडत नाही.