लगाम सैल सोडण्याचे शास्त्र

मराठी माणसाच्या दारातून घोडा केव्हाच निघून गेला. भाषेतून मात्र तो अजून गेलेला नाही. खर्चाला लगाम घातला जातो, गैरप्रकारांना पायबंद बसतो, नवा अधिकारी खात्यावर मांड पक्की करतो. उशिरा आलेल्या निर्णयाला वरातीमागून घोडे म्हणतात आणि कसोटीचा दिवस आला की घोडामैदान जवळच असते. यातील बहुतेक शब्द सत्तेचे आणि नियंत्रणाचे आहेत. त्यामुळे घोडा म्हणजे केवळ काबूत ठेवण्याचे जनावर, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात घोड्याबरोबर काम करणे ही दिवसभर चालणारी वाटाघाट असते आणि तीत माणसाची बाजू वाटते तितकी भक्कम नसते.

युरोप-अमेरिकेत कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना तबेल्यात नेऊन नेतृत्वाचे आणि भागीदारीचे धडे देण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. धाराशिव जिल्ह्याला त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. घोडदळाच्या राजकारणाने गाजलेला परंड्याचा किल्ला या जिल्ह्यात आहे. ज्याचे वाहनच घोडा, त्या खंडोबाचे नळदुर्ग व अणदूर येथील ठाणे याच जिल्ह्यात आहे. शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत तट्टांवर बिऱ्हाड लादून मेंढ्यांमागे फिरणारे धनगर आजही आढळतात. या तिन्ही ठिकाणी घोडा आहे आणि तिन्ही ठिकाणी कराराचा प्रश्नही आहे.

ताकद कमी, तरी स्वारी कशी?

स्वारीच्या मोठ्या घोड्याचे वजन साधारण ४०० ते ५०० किलो असते. माणसाचे त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके. निव्वळ बळाचा सामना झाला तर निकाल आधीच ठरलेला आहे. तरीही घोडा माणसाचे ऐकतो, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. घोडा हा शिकार करणारा नव्हे, तर शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते; फक्त नाकाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा थोडा भाग नजरेआड राहतो. धोका वाटला की आधी पळायचे आणि मग विचार करायचा, ही त्याची लाखो वर्षांची सवय. म्हणूनच अनुभवी मोतद्दार कधीही मागून अचानक येत नाही. तो बाजूने, दिसेल असा आणि आवाज देत येतो. वाटाघाटीचा पहिला नियम येथेच सापडतो. समोरच्याला मागणी ऐकवण्यापूर्वी त्याची भीती ओळखावी लागते.

दुसरा नियम लगामाचा. लगाम ओढला की घोड्याला तोंडात ताण जाणवतो. तो थबकतो. त्याच क्षणी लगाम सैल झाला, तर आपण केले ते बरोबर होते, हे त्याला कळते. घोडा शिकतो तो ताणातून नव्हे, तर ताण सुटण्याच्या क्षणातून. घोडा थांबल्यावरही लगाम ओढलेलाच राहिला, तर ऐकून आणि न ऐकून फरक काहीच पडत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. हळूहळू त्याचे तोंड बधिर होते आणि मग कितीही जोर लावला तरी उपयोग होत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर हीच चूक वारंवार घडते. समोरच्याने एक पाऊल मागे घेतले, तरी त्याची दखल न घेता दडपण तसेच ठेवले जाते. पुढच्या वेळी तो पाऊल मागे घेत नाही आणि मग त्याला हटवादी ठरवले जाते.

हा विचार नवा नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. सक्तीने करवून घेतलेली गोष्ट घोडा समजून करत नाही आणि तिच्यात सौंदर्यही उरत नाही, असे त्याने त्यात मांडले आहे. आधुनिक संशोधनही त्याच दिशेने जाते. फ्रान्समधील कॅरोल सँकी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घोड्यांना बक्षीस देऊन शिकवले गेले, ते कित्येक महिन्यांनंतरही शिकलेले विसरले नव्हते आणि माणसाजवळ आपणहून येत होते. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसाच्या रागीट आणि प्रसन्न चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा पाहताच घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले.

हान्सला काय दिसले?

घोडा माणसाला किती बारकाईने वाचतो, याचे प्रसिद्ध उदाहरण बर्लिनचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो, अशी ख्याती पसरली. उत्तर जितके, तितक्या वेळा तो खूर आपटत असे. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा कोणतीही लबाडी आढळली नाही. अखेर ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कोडे सोडवले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. खुरांचे ठोके योग्य आकड्यावर पोहोचले की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत किंचित हालचाल होई. हान्स तेवढे पाहून थांबे.

त्याला गणित येत नव्हते, माणूस येत होता. वाटाघाट करणाऱ्याने यातून घ्यायचा बोध असा की, आपण जे बोलत नाही तेही समोरचा ऐकत असतो. घाई, धास्ती किंवा तुच्छता शब्दांत लपवता येते, शरीरात लपत नाही.

घोडा कोणाचा, जोखीम कोणाची?

भागीदारीत सदिच्छेइतकाच जोखमीच्या वाटणीचा प्रश्न महत्त्वाचा असतो. मराठी घोडदळाने तो फार पूर्वी ओळखला होता. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर त्याचे भांडवलच बुडे. साहजिकच तो घोडा जपून लढण्याकडे त्याचा कल राही. बारगिराला ती धास्ती नव्हती. मात्र घोडा आपला नसल्याने त्याची हेळसांड होण्याचा धोका होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी सरकारी पागेवर भर दिला आणि हेळसांडीवर उपाय म्हणून व्यवस्था बांधली. सभासद बखरीतील माहितीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी कोणाच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या.

या घोडदळाची पूर्वपीठिका परंड्यापर्यंत जाते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून परंड्याहून निजामशाहीचा कारभार उभा केला. मोठ्या मोगली फौजेला त्याने चपळ दख्खनी स्वारांच्या बळावर पंचवीस वर्षे झुंजवले. त्या स्वारांत मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. त्यांना केवळ हुकमावर बांधून ठेवणे शक्य नव्हते. ज्याच्या पायाखाली घोडा आहे, त्याला निघून जाण्याचाही मार्ग मोकळा असतो आणि अशा सरदाराशी बोलणे बरोबरीनेच करावे लागते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. न अडलेल्याला पर्याय असतो आणि पर्याय हीच वाटाघाटीतील खरी ताकद ठरते.

घोड्याची भागीदारी स्वारापाशी संपत नाही, हेही त्या काळाने जाणले होते. चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या लष्कराला १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आधीच उधळला, तर घोडी उपाशी मरतील, मग लष्कर रयतेच्या घरात शिरेल आणि रयतेला मोगलच बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. घोडा, स्वार आणि कुणबी हे तिघे एकाच करारात होते. त्यातील कुणबी मात्र बोलणीला हजर नव्हता. गैरहजर पक्षाचा विचार करणारा करारच टिकतो, ही जाणीव त्या पत्रात आहे.

एक देव, दोन गावे

टिकाऊ कराराचे एक जिवंत उदाहरण तुळजापूर तालुक्यात पाहायला मिळते. अश्वारूढ खंडोबाची नळदुर्गजवळील मैलारपूर आणि अणदूर अशी दोन ठिकाणी मंदिरे आहेत. मूर्ती मात्र एकच आहे. वर्षातील सुमारे सव्वादहा महिने ती अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला असते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरला भरते. मूर्ती नेताना आणि परत आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो.

देव कोणाचा, हा प्रश्न विचारला तर त्याला तडजोडीचे उत्तर नाही, कारण मूर्तीचे दोन भाग होत नाहीत. देव आमच्या गावी केव्हा असावा, हा प्रश्न विचारला की मार्ग निघतो. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाटाघाटीवरील गाजलेल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले. पक्षांच्या भूमिकांवर अडून न राहता त्यांमागील गरजा शोधाव्यात, असे त्यांचे सांगणे. या दोन गावांची वाटणी समसमान नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अणदूरला काळ अधिक मिळतो. मैलारपूरला पौषातली यात्रा मिळते. शिवाय दरवर्षी कागद नव्याने होतो. विश्वास आहे म्हणून लिहायचे नाही, असे येथे कोणी मानत नाही; लिहिले जाते म्हणूनच विश्वास टिकतो.

माळावरचा सौदा

खंडोबाला मानणाऱ्या धनगर समाजाच्या जीवनात हे सारे धागे एकत्र येतात. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. भांडी, अंथरूण, लहान मुले आणि कोकरे तट्टाच्या पाठीवर असतात. ही तट्टे म्हणजे भीमा खोऱ्यातील भीमथडी जातीची. दिसायला लहान, खायला काटक आणि पायाने पक्की. मुक्कामाला शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा सौदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकाची मेंढरे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली की भांडण ठरलेले. तरीही पुढच्या वर्षी त्याच वाटेने परतायचे असल्याने कोणीच शेवटचा शब्द बोलून मोकळा होत नाही. पुन्हा भेटायचे आहे, ही जाणीव उभयतांना संयम शिकवते.

जनावरांच्या बाजारातील रीतही अशीच विचारपूर्वक घडलेली. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. जनावरांच्या बाजारांत दलाल रुमालाखाली हात घेऊन बोटांच्या खुणांनी भाव ठरवतात, ही जुनी पद्धत आहे. नाकारलेला भाव चारचौघांत फुटत नाही, त्यामुळे माघार घेतली तरी कोणाची शोभा होत नाही. प्रतिष्ठा पणाला लागली की साधा सौदाही मोडतो, हे ज्ञान त्या रुमालाखाली आहे.

हे जग आता आकुंचन पावते आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील घोडे व तट्टांची संख्या ३ लाख ४० हजारांच्या आसपास होती. २०१२ च्या तुलनेत ती ४५ टक्क्यांहून अधिक घटली. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदणी मिळाली, ती डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने. नोंद झाली खरी. परंतु चराऊ माळ राहिले नाहीत आणि तट्टाला कामच उरले नाही, तर जात केवळ कागदावर उरेल.

गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे

घोड्याकडून शिकताना एक सावधगिरी हवी. घोडा करारावर सही करत नाही. मारझोडीने पिचलेला घोडाही शांत उभा राहतो. नवख्याला तो शहाणा वाटतो. त्याच्या शांततेत समजूत नसते, आपल्या विरोधाने काही बदलत नाही हा अनुभव असतो. जाणकार त्याचे कान आणि डोळे पाहून हा फरक ओळखतो.

माणसांच्या बाबतीत तो ओळखण्याची गरज अधिक आहे. मराठवाड्यातून, त्यात धाराशिव जिल्ह्यातूनही, दर हंगामात ऊसतोड मजूर कोयता घेऊन बाहेर पडतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल डोक्यावर असते. दगडाखाली हात असलेला मजूर दराबद्दल एकटा बोलू शकत नाही; त्याचे गप्प राहणे म्हणजे समाधान नव्हे. संघटना आणि साखर संघ समोरासमोर बसले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. मजूर तेच होते. बदलली ती बोलणीतील त्यांची जागा.

कार्यालयातील कनिष्ठ सहकारी, घरातील वयस्कर माणूस, सौद्यातील दुबळा भागीदार यांच्याबाबतही हीच कसोटी लावता येईल. तो ऐकतो आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. त्याला नाही म्हणण्याची जागा आहे का, हे पाहावे. लगाम हाती असणे हा अधिकार झाला. तो केव्हा सैल सोडायचा हे ज्याला कळते, त्याच्याबरोबर घोडाही लांबचा पल्ला गाठतो आणि माणूसही.