रुग्णाला सांभाळणारी कंबर

गेल्या ईदला आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वय २८, सात वर्षे नर्सची नोकरी. असरची वेळ झाली तेव्हा तिने नमाजसाठी खुर्ची मागितली. म्हणाली, "टीचर, सजद्यात गेले की उठता येत नाही." वॉर्डात रुग्ण उचलून-उचलून तिची कंबर धरली होती. घरचे म्हणत, सब्र कर, खिदमतीचे काम आहे.

खिदमत मोठीच आहे. मदिनेत मशिदीजवळ तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. पण आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण प्रेषित (स.) यांनीच दिली आहे. दुखणे अंगावर काढणे म्हणजे सब्र नव्हे.

रुग्ण म्हणजे धान्याचे पोते नव्हे. त्याला धरायला कान नसतात, तो मध्येच हलतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो. पुढे वाकून, हात लांब करून ओढले की सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. त्यात पीळ पडला तर इजा ठरलेलीच.

म्हणून नर्सिंगच्या मुलींना पहिल्या वर्षापासून काही सवयी लावायला हव्यात. आधी पलंगाची चाके लॉक करावीत. पलंग वर-खाली होणारा असेल तर कमरेइतका उंच करावा. रुग्णाच्या अगदी जवळ उभे राहावे, पाय थोडे फाकवावेत, गुडघ्यात वाकावे. वळायचे ते पावले टाकून, कंबर पिळून नव्हे. रुग्णाला शक्य असेल तर गुडघे वाकवून स्वतः जोर लावायला सांगावे. त्याला उचलण्याऐवजी खालच्या चादरीसकट दोघींनी मिळून, एक-दोन-तीन म्हणत सरकवावे.

मात्र एवढे शिकवून जबाबदारी संपत नाही. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार रुग्ण हाताने हलवताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार नसावा. साठ किलोच्या माणसाला एकटी मुलगी कितीही नीट वाकली तरी कशी उचलणार? सरकवण्याची गुळगुळीत चादर, उचलण्याचे यंत्र आणि मदतीला दुसरा हात देणे हे रुग्णालयाचे काम आहे. ते मागणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

घरी अंथरुणाला खिळलेल्या दादी-नानीला एकटी सून उठवते, तिथेही हेच लागू. घरातल्या पुरुषांनी दुसरी बाजू धरावी.

कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर मालिश करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आमच्या विद्यार्थिनीचे उपचार आता सुरू झाले आहेत. अल्लाह तिला शिफा देवो. आणि ज्यांच्या घरात नर्स आहे, त्यांनी आज ती ड्यूटीवरून आली की एवढे तरी विचारावे: बेटी, आज रुग्ण उचलायला सोबत कोण होते?