द्रव अंगसाबण : दाटपणा आणि आम्लता यांचा मेळ

द्रव अंगसाबणाचे उत्पादन अल्प भांडवलात सुरू करता येत असल्याने अनेक महिला बचत गट या व्यवसायाकडे वळतात. मात्र दाटपणा आणि आम्लता या दोन बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण घाणा वाया जाण्याचा संभव असतो.

आम्लता सामूच्या मापाने मोजतात. निरोगी त्वचेचा सामू सुमारे ५ असतो, तर नेहमीच्या साबणवडीचा ९ ते १०. सोडियम लॉरेथ सल्फेट व कोकामिडोप्रोपिल बीटेन यांसारख्या फेसकारक द्रव्यांपासून केलेल्या अंगसाबणाचा सामू सायट्रिक आम्लाने, म्हणजेच लिंबूसत्त्वाने, ५ च्या आसपास आणता येतो. याचे महत्त्व केवळ त्वचेपुरते नाही. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक आम्लधर्मी द्रावणातच प्रभावी ठरते. सामू ५ असता त्याचा सुमारे सातवा हिस्सा क्रियाशील असतो. सामू ७ असता सहाशेवा हिस्साही नसतो. अशा मालात जंतूंची वाढ होऊ शकते.

दाटपणासाठी साधे मीठ वापरतात. मिठामुळे फेसकारक द्रव्याच्या कणसमूहांतील विद्युत् प्रतिकर्षण घटते. ते लांब तंतूंसारखे होऊन परस्परांत गुंततात व द्रव दाटतो. परंतु मर्यादा ओलांडताच तोच द्रव पुन्हा पातळ होतो. अशा वेळी अधिक मीठ घालणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्याऐवजी मीठ न घातलेले मिश्रण त्यात मिसळावे. बीटेनमध्ये मुळातच काही मीठ असते, हेही विसरू नये.

सामू बदलला की दाटपणाही बदलतो. म्हणून आधी सामू, मग मीठ, हा क्रम पाळावा. प्रथम १०० ग्रॅम नमुना घ्यावा. लिंबूसत्त्वाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून सामूदर्शक कागदाने तपासणी करावी. नंतर मिठाचे द्रावण थोडेथोडे घालून प्रत्येक वेळचे वजन नोंदवावे. फेस बसण्यासाठी नमुना एक दिवस ठेवून दाटपणा व सामू पुन्हा पाहावा आणि मगच त्याच प्रमाणात मोठा घाणा करावा. ही पद्धत खऱ्या साबणाच्या द्रावणास लागू नाही. आम्लाने तो साबण फुटतो.

विक्रीसाठी उत्पादन करण्यापूर्वी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याचा परवाना घेणे आवश्यक आहे. काटेकोर वजन आणि नीट ठेवलेली नोंदवही यांवरच ग्राहकाचा विश्वास उभा राहतो.