कॅल्शियमचं दार आणि रक्तदाबाची गोळी

अम्लोडिपिन सुरू झालं की पहिल्या महिन्यातच कुणीतरी जाणकार भेटतो. "ही गोळी कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर आहे म्हणे. कॅल्शियम अडवते. हाडं ठिसूळ होतील, बघ." मग एक बाई भीतीपोटी दूध दुप्पट करते, तर दुसरी 'औषधाच्या विरुद्ध जायला नको' म्हणून डॉक्टरांनीच दिलेली कॅल्शियमची गोळी परस्पर बंद करते. दोघींचाही हिशेब एकाच ठिकाणी चुकलेला असतो.

"गोळी कॅल्शियम अडवते, म्हणजे हाडांचं कॅल्शियम जातं"

नाही. ही गोळी अडवते ते कॅल्शियमचं एक विशिष्ट दार. ते असतं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूंच्या पेशींवर. शाळेच्या पुस्तकात ज्यांना 'अपट्टकी' म्हटलंय तेच हे स्नायू. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळपास नसतंच. बाहेर मात्र ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. पेशीपटलात बसवलेली प्रथिनांची दारं, म्हणजे आयन चॅनेल, क्षणभर किलकिली झाली तरी कॅल्शियम आत घुसतं. आत ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ही जोडी एका एन्झाइमला जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेट चढवतं आणि पेशी आखडते. अशा असंख्य पेशी धमनीभोवती कड्यासारख्या बसलेल्या असतात. त्या आखडल्या की धमनी अरुंद होते आणि रक्तदाब चढतो.

अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येतं ते वेगळ्या दारांनी, ड जीवनसत्त्वाच्या मदतीनं. अम्लोडिपिनचा त्या दारांशी संबंध नाही. रक्तातल्या कॅल्शियमवर पॅराथायरॉइड ग्रंथींचा कडक पहारा असतो, त्यामुळे पेलाभर दुधानं धमन्या आवळत नाहीत आणि दूध सोडल्यानं सैलही पडत नाहीत. दूध पचत असेल तर खुशाल प्यावं.

"मग हातापायांतली ताकदही जाईल, हृदयही मंदावेल"

दंडाच्या किंवा पोटरीच्या स्नायूतही याच जातीचं चॅनेल असतं, पण तिथं त्याचं काम निराळं आहे. तिथं ते बाहेरचं कॅल्शियम आत घेण्यापेक्षा विजेचा बदल ओळखणारा संवेदक म्हणून वागतं आणि पेशीच्या आतल्या साठ्याचं झाकण उघडतं. म्हणून बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी असा स्नायू प्रयोगशाळेत काही काळ झटके देत राहतो. धमनीच्या स्नायूला ही चैन नाही. त्याला बाहेरून कॅल्शियम यावंच लागतं, आणि गोळी नेमकं तेच कमी करते.

हृदयाचं उत्तर इतकं सरळ नाही. अम्लोडिपिनसारखी औषधं दाराला बूच मारत नाहीत. दार मिटून थोडा वेळ निपचित पडतं, त्या अवस्थेत ही औषधं त्याला धरून ठेवतात. धमनीच्या पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास रेंगाळत असल्यानं तिथली बरीच दारं या अवस्थेत सापडतात. हृदयाच्या पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ८०-९० पर्यंत खाली जातात, तिथं औषधाची पकड ढिली पडते. पण व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही याच गटातली औषधं हृदयाची गती खरोखर कमी करतात. तेव्हा शेजारच्या काकांची गोळी 'त्याच गटातली तर आहे' म्हणून घेणं हा शुद्ध अविचार आहे.

"स्नायू हलतो तो मेंदूनं हुकूम सोडला की"

इंग्लंडमध्ये विल्यम बेलिस यांनी १९०२ साली दाखवून दिलं, की नसांशी संबंध तोडलेली धमनीसुद्धा आतला दाब वाढवला की आपणहून आखडते. भिंत ताणली गेल्याचं पेशीपटलातल्या चॅनेलना कळतं, विद्युतदाब चढतो, कॅल्शियमची दारं उघडतात. तुम्ही खाटेवरून ताडकन उठता तेव्हा मेंदूतला रक्तपुरवठा सांभाळण्यात या गुणाचाही वाटा असतो. जठराचंही तसंच आहे. तिथं काहाल यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशी क्लोराइडच्या चॅनेलमधून मिनिटाला साधारण तीन लाटा उठवतात आणि स्नायू त्या तालावर चालतो. नसा त्यात कमीजास्त करतात, एवढंच.

"आत कॅल्शियम वाढलं की आकुंचन, साधं गणित आहे"

हा गैरसमज शिकलेल्या मंडळींचा. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आपण सगळे हे सूत्र घोकतो आणि ते बहुतेक वेळा चालतंही. पण १९९५ साली मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमनीच्या पेशीत जे पाहिलं त्यानं हे सूत्र अपुरं ठरवलं. पेशीच्या आतल्या साठ्यातून, पेशीपटलाच्या अगदी लगत, कॅल्शियमच्या बारीक ठिणग्या उडतात. एक ठिणगी सेकंदाचा अंशभर टिकते आणि पेशीचा जेमतेम शंभरावा हिस्सा व्यापते. सबंध पेशीतलं कॅल्शियम त्यामुळे फारसं वाढत नाही. पण ठिणगीच्या शेजारीच पोटॅशियमची मोठ्या क्षमतेची चॅनेल असतात. ती उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी आतून आणखी ऋण होते आणि त्यामुळे कॅल्शियमची मुख्य दारं मिटतात. म्हणजे कॅल्शियमच्या ठिणगीनं धमनी सैल पडते! किती कॅल्शियम, यापेक्षा ते कुठं आणि किती वेळ, हा प्रश्न मोठा.

हे सिद्ध करायला जे हत्यार वापरलं गेलं ते आपल्याकडच्या विंचवाचं. कोकणात, देशावर दगडाखाली सापडणाऱ्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन वेगळं काढण्यात आलं. ते नेमकं याच पोटॅशियम चॅनेलचं तोंड बंद करतं. उंदराच्या मेंदूतली केसाएवढी धमनी दोन काचेच्या नळ्यांवर ताणून बसवतात, आत दाब देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची रुंदी मोजत राहतात. द्रावणात हे विष किंचित टाकलं की बाहेरून काहीही न आवळता धमनी अरुंद होत जाते. ब्रेक काढून घेतल्यावर गाडी उतारावर आपली आपण निघावी, तसं. पुढे २००० साली या चॅनेलचा एक मदतनीस भाग जन्मतः नसलेल्या उंदरांचा रक्तदाब चढलेला आढळला.

यावरून लाल विंचू चावल्यावर माणूस दगावतो तो या आयबेरिओटॉक्सिनमुळे, असं कुणी म्हणेल तर तोही गैरसमजच. घात करतात ती त्याच विषातली दुसरी प्रथिनं. ती नसांवरची सोडियम चॅनेल मिटू देत नाहीत. नसा पेटून उठतात, रक्तात ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, त्या पुरानं धमन्यांचे स्नायू आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या साखळीतला मधला दुवा पकडला. प्राझोसिन हे जुनं, स्वस्त रक्तदाबाचं औषध धमनीच्या स्नायूवर ॲड्रिनलिनचा संदेश पोचू देत नाही. ते वेळेवर दिल्यानं कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं घटले. चॅनेलना हातही न लावता त्यांचा परिणाम तोडता येतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

"बदल एवढासाच, त्यानं काय होणार?"

पुष्कळ होतं. धमनीच्या पेशीचा विद्युतदाब दोनचार मिलिव्होल्टनं हलला तरी कॅल्शियमच्या आवकीत मोठा फरक पडतो. आणि धमनीची त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी आखडली तर रक्तप्रवाहाला होणारा विरोध दीडपट होतो, कारण हा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

हा धडा डॉक्टरांनाही महागात पडून शिकावा लागला. एके काळी रक्तदाब भडकला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची सर्रास पद्धत होती. आकडा थोड्याच वेळात उतरला की घरचे खूश. पण दारं एकदम मिटली की दाब धाडकन कोसळतो, आणि त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याची प्रकरणं नोंदली गेल्यावर १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत थांबवण्याचं जाहीर आवाहन केलं. अम्लोडिपिन लोकप्रिय झालं ते उलट कारणानं. ते सावकाश चढतं आणि त्याचं निम्मं प्रमाण उतरायला ३० ते ५० तास लागतात.

"पाय सुजले, म्हणजे किडनी गेली"

अम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते, अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडतो. बहुतेकदा त्यामागे किडनी नसते. गोळीनं केशिकांच्या अलीकडच्या बारीक धमन्या सैल होतात, पलीकडच्या शिरा तेवढ्या होत नाहीत. मधल्या केशिकांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीनं या सुजेला फारसा उतार पडत नाही. मात्रा कमी करणं, किंवा शिराही सैल करणाऱ्या दुसऱ्या गटातल्या औषधाची जोड देणं, हे उपाय लागू पडतात. एकाच पायाला सूज असेल, दम लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल, तर मात्र कारण दुसरं असू शकतं आणि तपासणी लांबवू नये.

सूज दिसली तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनानं सोडू नका.