कलप टिकतो तो कशाने?

“हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,” असे वडीलधारी मंडळी आपल्याला सुनावत आली आहेत, आणि ते खरेच आहे. पण त्याच केसांना एकदा कलप लावला, की मग मात्र ऊन, पाणी आणि साबण हे तिघे मिळून तो उतरवण्याच्या मागे लागतात. आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांतून, रामबागेत काय नि नारायणबागेत काय, लग्नसराई आली की घरोघर कलप भिजतो, आणि मांडव उतरायच्या आत कलप उतरल्याची तक्रारही घरोघर ऐकू येते. त्यावर बहुतेकांचा उपाय एकच : पुन्हा कलप! मला सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट. रंग टिकतो तो अधिक लावल्याने नव्हे, बेताने धुतल्याने. आणि प्रश्न केवळ पुडीच्या चार पैशांचा नाही. डोक्याच्या कातडीचा आणि क्वचित जिवाचाही आहे.

केस रंगवणे हे आजचे खूळ आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या शेजारच्या उज्जयिनीचा वराहमिहिर सहाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या ‘बृहत्संहिते’त ग्रहताऱ्यांच्या बरोबरीने केस काळे करण्याची कृतीही आहे. पांढऱ्या केसांवर वस्त्रे-अलंकार शोभत नाहीत, असे त्याचे म्हणणे. आंबट द्रवात शिजवलेले कोद्रूचे धान्य आणि लोखंडाचे चूर्ण यांचा लेप आधी द्यायचा, त्यावर आवळ्याचा. आणि प्रत्येक लेप डोके पानांनी झाकून दोन-दोन प्रहर ठेवायचा. लोखंड आणि आवळ्यातला तुरट रस एकत्र आले की काळा रंग धरतो. हिराकस आणि हिरड्याची शाई होते ती याच न्यायाने. आपल्या आज्या लोखंडी कढईत आवळकाठीबरोबर मेंदी भिजवीत, त्यामागेही हेच रसायन होते.

बाजारी कलपाची तऱ्हा वेगळी. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युएलर या रसायनशास्त्रज्ञाने असा कलप तयार करून केशकर्तनकारांना विकायला आरंभ केला, आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. अमोनियासारखे क्षारयुक्त द्रव्य केस फुगवून ते खवले उघडते, रंगाचे लहान कण आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आतल्या आत एकमेकांना जोडून मोठे होतात. आत आले त्या वाटेने त्यांना सहजी बाहेर पडता येत नाही. म्हणून कलप टिकतो. मात्र पुन्हा काही कारणाने केस फुगला, खवले उघडले, की रंग हळूहळू पाझरू लागतो. एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे सारे नियम आपोआप सुचतात.

पहिला नियम पाण्याचा. नुसत्या पाण्यानेही केस फुगतो आणि कढत पाण्याने जास्तच. आपल्याकडे थंडीत न्हाणे म्हणजे वाफाळलेले पाणी हा रिवाज. पण रंगवलेल्या केसांवर कोमटच पाणी घ्यावे आणि शेवटचा तांब्या गार असावा. रंग लावल्यावर निदान दोन-तीन दिवस डोक्यावरून न्हाऊच नये. पुढेही आठवड्यातून दोनदा न्हाणे पुष्कळ झाले. नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८ साली आले, तरी अनेक घरी अजून बोरिंगचे पाणी वापरतात. ते जड असेल तर त्यातील चुना साबणाशी मिळून केसांवर चिकट थर धरतो. रंग मुळीच न जाताही केस मळकट दिसतात, आणि आपण विनाकारण पुन्हा कलप भिजवतो. केसांसाठी निराळे बादलीभर नळाचे पाणी ठेवले तर हे टळेल.

दुसरा नियम साबणाचा. अंगाचा साबण क्षारयुक्त, म्हणजे खवले उघडणारा. तो केसांना लावू नये. धुण्याच्या सोड्याचे तर नावच नको. सौम्य शाम्पू घ्यावा, तोही बेताचा आणि फक्त मुळांशी. टोकांना ओघळून येतो तेवढा पुरे. शिकेकाईचा काढा मुळातच किंचित आंबट असल्याने त्या मानाने बरा. पण तिची भरड पूड घेऊन खसाखसा चोळू नये. गाळलेले पाणीच वापरावे. न्हाऊन झाल्यावर तांब्याभर पाण्यात चमचाभर सिरका घालून केसांवरून सोडला, की खवले मिटतात आणि तुकतुकीही येते.

तिसरा नियम तेलाचा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि त्यामुळे केस पाणी कमी पितो. न्हाण्याच्या आदल्या रात्री थोडे खोबरेल लावावे ही आजीची शिस्त म्हणून आजही उपयोगाची. उन्हात पदर किंवा टोपी, आणि पोहण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने केस भिजवून वर टोपी, एवढे पथ्य पाळावे. तलावातील क्लोरीन रंगाचा वैरी आहे.

मेंदी आणि निळीचे गणित निराळे आहे. सियागंजातून चांगली चाळलेली मेंदी आणली तरी ती घाईने धुतली तर फुकट. मेंदीचा रंग केसातील द्रव्याला धरून बसतो आणि पुढचे दोन दिवस गडद होत जातो. तेवढ्या काळात शाम्पू नको. न्हाऊन स्वच्छ, बिनतेलाच्या केसांवर मेंदी लावावी. तेल दुसऱ्या दिवशी. काळा रंग हवा असेल तर मेंदी धुऊन मग निळीच्या पाल्याची पूड लावतात. मेंदी काही तास भिजू द्यावी. नीळ मात्र भिजवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लावावी आणि तिच्यात लिंबू कदापि घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. “रंग गेला” असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा रंग गेलेलाच नसतो. नवा केस आलेला असतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि तीन-चार आठवड्यांत भांगाशी पांढरी रेघ उमटते. तेवढ्यासाठी सबंध डोके पुन्हा माखणे म्हणजे एका भिंतीचा पोपडा पडला म्हणून घरभर रंग काढणे. मुळांपुरताच हात फिरवावा.

यात काटकसर आहेच, पण सुरक्षितपणाही आहे. गडद कलपांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे द्रव्य असते. काहींना ते बाधते : खाज, पुरळ, डोळे सुजणे, आणि वर्षानुवर्षे सोसल्यानंतर एखाद्या दिवशी अचानकही बाधते. आमच्या नात्यातल्या एका काकांनी वीस वर्षे एकच कलप लावला, आणि एका दिवाळीत त्यांचे डोळे उघडेनात. ‘काळी मेंदी’ या सोज्वळ नावाच्या पुडीतही अनेकदा हेच द्रव्य असते. म्हणून वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचावे. दर वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावून दोन दिवस पाहावे. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवल्याने रंग अधिक टिकत नाही, फक्त कातडी अधिक भाजते. तो पोटात गेला तर प्राणघातक ठरतो. पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

कलप लावणाऱ्याला हसण्याची आपल्या घरांतून एक जुनी खोड आहे. मला ती पटत नाही. साठीतल्या काकूंनी भाचीच्या लग्नात काळ्याभोर अंबाड्यावर गजरा माळला, तर त्यात कोणाचे काय गेले? हौस जरूर करावी. फक्त ती डोक्याला सोसेल इतकीच आणि महिन्यातून एकदाच करावी. उरलेले दिवस तांब्याभर गार पाणी आणि चमचाभर खोबरेल यांच्यावर सोपवावे.