मागच्या सीटवरची तयारी

मैत्रिणींनो, वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला; तेव्हा संभाजीनगरकरणींना मोटारसायकलचे नवल नाही. पण अजिंठ्याला जायचे म्हणजे शंभरेक किलोमीटर! डबा भरण्याआधी गाडीकडे बघा. ब्रेक, चेन, दिवे आदल्या दिवशीच तपासून घ्यावेत. टायर थंड असतानाच हवा बघावी. दोघे बसणार तर मागच्या चाकात थोडी जास्त लागते. साडीगार्ड काढून ठेवले असेल तर आधी बसवून घ्या, पदर खोचून पिन लावा. पदर चाकात गेला की सावरायला वेळच मिळत नाही. आणि हेल्मेट? ‘ह्यां’ना असते, आपल्याला नाही! कायद्याने मागे बसणारीलाही ते हवेच. केस विस्कटतील म्हणता? विस्कटू द्या बाई, डोके शाबूत राहू द्या!